सोळा की पाच? सीअर्स-९३३१६ या दीर्घिकेचं प्रकरण

जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या फोटोत पाहिलं तर तो एक लालसर ठिपका आहे. आजूबाजूला दीर्घिकांची दाटी, काहींचे तर सर्पिल बाहूसुद्धा मोजता येतील इतके स्पष्ट. आणि त्या गर्दीत हा, कागदावर चुकून पडलेल्या शाईच्या थेंबासारखा. कुणाचं लक्ष जाऊ नये असा. तरीही २०२२च्या जुलैपासून २०२३च्या मार्चपर्यंत या ठिपक्याने विश्वरचनेचा अभ्यास करणाऱ्यांना स्वस्थ बसू दिलं नाही. प्रश्न एकच होता: यातून निघालेला प्रकाश किती जुना?

एक उत्तर होतं, महास्फोटानंतर अवघ्या २३.५ कोटी वर्षांनी निघालेला. दुसरं उत्तर, सुमारे १२० कोटी वर्षांनी निघालेला. मधलं कुठलंही उत्तर बसत नव्हतं. पहिलं खरं ठरलं असतं तर आरंभीच्या दीर्घिका कशा घडल्या याबद्दलची जवळपास सगळी गणितं पुन्हा मांडावी लागली असती. दुसरं खरं ठरलं तर ती विश्वातल्या असंख्य दीर्घिकांपैकी एक, बस्स.

चुकलेले निष्कर्ष बहुधा गुपचूप विरून जातात. इथे मात्र दावा, त्यावरची शंका आणि अखेरचा निकाल ही तिन्ही टोकं प्रकाशित आहेत, तीही आठ-नऊ महिन्यांच्या आत. म्हणून हे प्रकरण उलगडून बघण्यासारखं आहे.

ठिपका सापडला कसा

जेम्स वेब दुर्बीण २५ डिसेंबर २०२१ रोजी फ्रेंच गयानातल्या कूरू इथून निघाली आणि पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर जाऊन स्थिरावली. तिचा आरसा ६.५ मीटरचा, १८ षटकोनी तुकड्यांचा. आधीच्या हबल अवकाश दुर्बिणीचा २.४ मीटरचा. लोक बोलतात ते बहुतेक वेळा आरशाच्या आकाराबद्दल, पण या प्रकरणापुरता कळीचा मुद्दा वेगळा आहे. हबलची नजर अवरक्त प्रकाशात १.७ मायक्रॉनपर्यंत जाऊन थांबते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). वेबची त्याच्या कितीतरी पुढे जाते. जी दीर्घिका १.७ मायक्रॉनच्या अलीकडे काहीच प्रकाश देत नाही, ती हबलसाठी नाहीच.

दुर्बीण कामाला लागताना १३ प्रकल्प असे निवडले होते की त्यांची निरीक्षणं कुणा एका गटाच्या मालकीची राहणार नव्हती. नोंद झाली की ती सगळ्यांसाठी खुली. त्यातला एक सीअर्स. प्रमुख टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन इथले स्टीव्हन फिंकेलस्टाइन. प्रकल्पाचं पूर्ण नाव लांबलचक आहे, आद्याक्षरांतून होणारा हा उच्चार पुरे. त्यांनी निवडलेला आकाशाचा तुकडा सप्तर्षींच्या शेपटीच्या टोकाशी असलेल्या मरीचीजवळ, भूतपाच्या हद्दीकडे आहे. एक्स्टेंडेड ग्रोथ स्ट्रिप हे त्याचं नाव. हबलने तो आधीच खोलवर टिपलेला होता. सीअर्ससाठी वेबने त्यातला जो भाग टिपला तो पूर्ण चंद्राच्या तबकडीच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढा भरेल, आणि त्यात हजारो दीर्घिका आहेत.

पहिली खेप जूनमध्ये टिपली गेली आणि जुलै २०२२च्या मध्यावर सगळ्यांच्या हाती आली. पुढच्या दोन आठवड्यांत शोधनिबंधांचा पाऊस पडला. कित्येकांची पहिली आवृत्ती तर निरीक्षणं खुली झाल्यापासून आठवड्याच्या आत आली. ही घाई पुढे समजून घ्यावी लागेल. घाई झाली म्हणून चूक झाली असं सरळ म्हणता येत नाही, हे मात्र आधीच सांगून ठेवतो.

रंगावरून अंतर

इतक्या लांबच्या दीर्घिकेचं वय ठरवण्याचा मार्ग म्हणजे तिची ताम्रसृती, म्हणजेच रेडशिफ्ट मोजणं. विश्व प्रसरण पावतं, तसा वाटेतला प्रकाशही ताणला जातो. ताम्रसृतीच्या आकड्यात एक मिळवला की तरंगलांबी किती पट झाली ते कळतं. ताम्रसृती ५ असेल तर सहा पट, १६ असेल तर सतरा पट.

पण किती ताणला गेला हे कळायला मुळात तो कसा होता हे माहीत असावं लागतं. इथे हायड्रोजन मदतीला येतो. सुरुवातीच्या विश्वात दीर्घिकांच्या अवतीभवती उदासीन हायड्रोजन भरलेला होता आणि तो १२१.६ नॅनोमीटरहून, म्हणजे ०.१२१६ मायक्रॉनहून, आखूड तरंगलांबीचा प्रकाश गिळून टाकतो. त्यामुळे अशा दीर्घिकेच्या प्रकाशाला एक कडा असते: कडेच्या लाल बाजूला प्रकाश, निळ्या बाजूला अंधार. ही कडा अवरक्तात कुठे सरकली आहे ते शोधलं की ताम्रसृती हातात.

कडा शोधायचा सर्वांत नेमका मार्ग म्हणजे वर्णपट घेणं, प्रकाश पसरवून प्रत्येक तरंगलांबीला किती आहे ते पाहणं. पण हजारो ठिपक्यांचा वर्णपट घेत बसायला दुर्बिणीचा वेळ पुरत नाही. म्हणून आधी स्वस्तातला मार्ग. एकाच तुकड्याचे वेगवेगळ्या फिल्टरमधून फोटो घ्यायचे आणि ठिपका कुठल्या फिल्टरमध्ये दिसतो, कुठल्यात नाही, ते बघायचं. वेबच्या अवरक्त कॅमेऱ्याने सीअर्ससाठी सात फिल्टर वापरले. त्यांची नावं त्यांच्या मधल्या तरंगलांबीवरून पडली आहेत. ११५ म्हणजे १.१५ मायक्रॉनच्या आसपासचा, मग १५०, २००, २७७, ३५६, ४१० आणि ४४४. म्हणजे प्रत्येक ठिपक्यासाठी वेबकडून सात आकडे, जोडीला हबलचे काही. या मूठभर आकड्यांवर संगणक नमुन्यादाखल ठेवलेले दीर्घिकांचे वर्णपट ताणून बसवून बघतो आणि जो सर्वांत चांगला बसेल त्याची ताम्रसृती सांगतो. याला प्रकाशमितीय ताम्रसृती म्हणतात. पद्धत जुनी, रुळलेली आणि बहुतेक वेळा बरोबर.

आता आपला ठिपका. हबलच्या फोटोंत काही नाही. वेबच्या ११५ आणि १५० मध्ये काही नाही. २०० मध्ये अगदीच फिका. २७७ मध्ये एकदम ठळक, आणि तिथून पुढे ३५६, ४१०, ४४४ या सगळ्यांत जवळपास सारखाच ठळक. यापेक्षा स्वच्छ कडा मागूनही मिळाली नसती. कडा २.१ मायक्रॉनच्या आसपास धरा, १२१.६ नॅनोमीटरने भागा, सतराच्या थोडं वर उत्तर येतं. एडिनबरा विद्यापीठातले कॅलम डॉनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुलैच्या अखेरीस हा ठिपका ९३३१६ या क्रमांकाने जाहीर केला. ताम्रसृती सुमारे १६.४. तोवरच्या सर्वांत दूरच्या संभाव्य दीर्घिकांपैकी एक.

कडेच्या पलीकडचा सपाटपणा इथे महत्त्वाचा आहे. धुळीने लाल झालेली किंवा म्हाताऱ्या ताऱ्यांची दीर्घिका असेल तर प्रकाश लालकडे चढत जातो. २७७ पेक्षा ३५६ मध्ये जास्त, ४४४ मध्ये आणखी जास्त. हा ठिपका तसा चढत नव्हता. नव्या, तप्त ताऱ्यांची, धूळ नसलेली कोवळी दीर्घिका जशी दिसेल तसाच तो दिसत होता. संगणकांनी १६ला कौल दिला तो उगीच नाही.

ज्यांनी दोन्ही उत्तरं लिहिली

ऑगस्टच्या सुरुवातीला रोहन नायडू आणि सहकाऱ्यांचा स्वतंत्र निबंध आला. ठिपका तोच, फक्त त्यांच्या यादीत त्याचा क्रमांक १७४९. त्यांनी त्याला श्रोडिंगरची दीर्घिका म्हटलं. श्रोडिंगरच्या काल्पनिक प्रयोगातली मांजर पेटी उघडेपर्यंत जिवंतही असते आणि मेलेलीही, तशी ही दीर्घिका पेटी उघडेपर्यंत एकाच वेळी दोन ठिकाणी होती: ताम्रसृती १७च्या आसपास डोळे दिपवणारी, किंवा ५च्या आसपास धुळीने झाकलेली नाहीतर तारे घडवणं थांबलेली.

रंगांवरून त्यांनाही सतराकडचंच उत्तर जास्त पटत होतं. आणि ते उत्तर धरलं तर दीर्घिकेत सुमारे ५०० कोटी सूर्यांइतकं ताऱ्यांचं वस्तुमान निघत होतं, तेही विश्वाच्या वयाला जेमतेम २२ कोटी वर्षं झालेली असताना. हे किती अवघड आहे? तारे बनायला वायू एकत्र यावा लागतो, वायू एकत्र यायला कृष्णद्रव्याचे, म्हणजे न दिसणाऱ्या पण गुरुत्वाने जाणवणाऱ्या द्रव्याचे गोळे आधी जमावे लागतात, आणि ते किती वेगाने जमतात याचं गणित चांगलं पक्कं आहे. इतक्या लवकर इतका मोठा गोळा आकाशाच्या इतक्या चिमुकल्या तुकड्यात सापडणं म्हणजे सिद्धान्ताला ताण. वृत्तपत्रांनी त्या ऑगस्टमध्ये हा ताण आणखी ओढला. महास्फोट झालाच नाही इथपर्यंत मजकूर फिरले. निबंध लिहिणारे तसं काही म्हणत नव्हते.

नायडूंच्या गटाने मग ठिपक्याकडून नजर हटवून त्याच्या शेजारी बघितलं. मला या प्रकरणातला हा सर्वांत देखणा भाग वाटतो. अडीच आर्क सेकंदांच्या आत, म्हणजे चंद्राच्या तबकडीच्या साडेसातशेव्या भागाएवढ्या अंतरात, या ठिपक्याचे तीन जवळचे शेजारी होते. तिघांचीही प्रकाशमितीय ताम्रसृती ५च्या आसपास. त्या परिसरात ५च्या आसपासच्या दीर्घिका नेहमीपेक्षा जास्त दाटल्याचंही दिसत होतं. आता एखादी दीर्घिका सोळाला असेल तर तिने पाचवाल्यांच्या घोळक्याच्या नेमक्या मागे उभं राहण्याचं काही कारण नाही. योगायोग असू शकतो. पण तिचं दुसरं संभाव्य उत्तरही नेमकं ५ असावं?

हे सिद्ध करणारं नव्हतं, आणि तसा दावाही त्यांनी केला नाही. त्यांनी दोन्ही उत्तरं, दोन्हींचं वजन आणि ती वेगळी करणारी चाचणी लिहून ठेवली. ज्या उन्हाळ्यात प्रत्येकाला विक्रम हवा होता त्या उन्हाळ्यात निबंधाच्या शीर्षकातच प्रश्नचिन्ह टाकणं सोपं नसावं.

त्याच सुमारास होर्हे झवाला आणि सहकारी वेगळ्या वाटेने त्याच शंकेपाशी पोहोचले. सीअर्समधल्याच दुसऱ्या एका ठिपक्याला फक्त वेबचे रंग पाहून सतरा-अठराच्या घरातली ताम्रसृती मिळत होती. पण फ्रेंच आल्प्समधल्या नोएमा या रेडिओ दुर्बीण-समूहाला तिथे १.१ मिलिमीटरवर स्पष्ट प्रकाश दिसला. ही ऊब धुळीची: तारे धुळीला तापवतात आणि ती लांब तरंगलांबीत चमकते. सगळे आकडे एकत्र बसवल्यावर त्या ठिपक्याची ताम्रसृती ५.१ निघाली. ९३३१६च्या जागीही ८५० मायक्रॉनवर असाच एक संकेत होता, पण क्षीण, २.६ सिग्माचा, म्हणजे निव्वळ योगायोगाने उमटल्याची शक्यता पुरती नाकारता न येणारा. एवढ्यावर कुणाला दोषी ठरवता येत नाही. संशय मात्र बळावतो.

पेटी उघडली

निकाल लावायला वर्णपट हवा होता आणि त्यासाठी दुर्बिणीच्या संचालकांच्या राखीव वेळेतून मागणी केली गेली. या गटाचे प्रमुख अमेरिकेच्या नॉयरलॅब या संस्थेतले पाब्लो अराबाल हारो. वेबच्या वर्णपटमापकात सुमारे अडीच लाख झडपांची एक जाळी आहे. एकेक झडप केसाच्या जाडीएवढी रुंद, प्रत्येक स्वतंत्रपणे उघडता येणारी. हव्या त्या ठिपक्यांपुढच्या झडपा उघडायच्या, बाकीचं आकाश बंद. मार्च २०२३मध्ये या जाळीतून सुमारे पाच तास प्रकाश गोळा केला गेला. त्यात ९३३१६ होता आणि सीअर्सचे इतर काही संशयितही.

सोळा खरं असतं तर २.१ मायक्रॉनपाशी एक उभा कडा आणि त्याच्या पलीकडे साधा, उतरत जाणारा पठारासारखा प्रकाश दिसला असता. दिसल्या त्या सुया, म्हणजे ठरावीक तरंगलांबींवरच्या तीक्ष्ण, उजळ रेषा. २.९६ मायक्रॉनवर एक, ३.८८वर दुसरी. त्यांच्या तरंगलांबींचं गुणोत्तर १.३११. ज्याने प्रयोगशाळेत वायूंचे वर्णपट पाहिले आहेत त्याला हा आकडा ओळखीचा: दोन वेळा आयनीभूत झालेल्या (दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या) ऑक्सिजनची ०.५००७ मायक्रॉनची हिरवी रेषा आणि हायड्रोजनची ०.६५६३ची तांबडी रेषा यांचं हेच गुणोत्तर असतं. प्रसरण दोन्ही रेषांना सारखंच ताणतं, त्यामुळे गुणोत्तर बदलत नाही. ताण ५.९१२ पट. ताम्रसृती ४.९१२, आणि अनिश्चितता तिसऱ्या दशांश स्थानात. वाद संपला. त्याच महिन्यात निबंधाचा मसुदा खुला झाला आणि ऑगस्टमध्ये तो नेचर या विज्ञान नियतकालिकात छापून आला. शीर्षकात दोन शब्द शेजारी होते, पुष्टी आणि खंडन. पुष्टी कशाची ते पुढे येईल.

सगळे फसले ते का

आता खरी गंमत. हातात उत्तर आलं की मागे जाऊन त्या सात आकड्यांकडे पुन्हा बघायचं.

ताम्रसृती ४.९१ला ऑक्सिजनची रेषा २७७च्या फिल्टरमध्ये पडते. त्यामुळे २७७ फुगतो. हायड्रोजनची तांबडी रेषा ३.८८ मायक्रॉनवर येते. ३५६चा फिल्टर सुमारे ३.१ ते ४ मायक्रॉन बघतो, ४१०चा ३.८६ ते ४.३, आणि ४४४चा साधारण ३.९ ते ५. म्हणजे ही एकच रेषा तिन्ही फिल्टरच्या कडांच्या चिंचोळ्या सामाईक पट्ट्यात येऊन बसते आणि तिघांनाही थोडी थोडी उजळवते. चार फिल्टर, दोन रेषा, आणि एकत्र परिणाम असा की धुळीने लाल झालेल्या दीर्घिकेचा चढता प्रकाश सपाट वाटावा. एका पूर्ण उतारावर दोन सुयांनी प्लास्टर केलं.

आणि डावीकडची कडा? धूळ निळा प्रकाश जास्त अडवते, म्हणून आखूड तरंगलांबींत दीर्घिका मुळातच फिकी. त्यात ताऱ्यांच्या वर्णपटाला ०.३६५ मायक्रॉनपाशी एक स्वतःची पायरी असते, बामर पायरी. तिला ५.९ने गुणा: २.१५ मायक्रॉन. सोळाची हायड्रोजन कडा जिथे पडायला हवी तिथेच.

थोडं गणित केलं तर कळतं की हा खेळ किती अरुंद फटीत चालतो. ताम्रसृती ४.७ असती तर हायड्रोजनची रेषा ३.७४ मायक्रॉनवर आली असती. ३५६ फुगला असता, ४१० आणि ४४४ कोरडे राहिले असते, आणि संगणकाला लगेच कळलं असतं की हा रेषेचा परिणाम आहे. ५.२ असती तर रेषा ३५६च्या बाहेर गेली असती. साधारण ४.९ ते ५ एवढ्याच पट्टीत ही सोंगटी बरोबर बसते. एवढंच नाही, रेषा पुरेशा तेजस्वी हव्यात, धूळ पुरेशी हवी, आणि दोन्हींचं प्रमाण जुळायला हवं. संगणकाकडे ठेवलेल्या नमुन्यांत इतक्या तेजस्वी रेषा आणि इतकी धूळ एकत्र असलेली दीर्घिका सहसा नव्हती, कारण जवळच्या विश्वात अशी जोडी क्वचित दिसते. त्यामुळे संगणकाने हाताशी होतं त्यातलं चांगलं ते निवडलं.

इथे वाचकाच्या मनात येईल की इतके योगायोग एकत्र यायचे म्हणजे किती दुर्मीळ घटना! दुर्मीळ खरी. पण मोजणी कुणाची चालली आहे तेही बघायला हवं. या तुकड्यात ५च्या आसपासच्या दीर्घिका भरपूर. समजा हजारात एखादी असा वेश घेऊन उभी राहते. दुसरीकडे १६.४ला एवढी तेजस्वी दीर्घिका इतक्या लहान तुकड्यात सापडण्याची अपेक्षा जवळपास शून्य. हजारात एक हे प्रमाण शून्याजवळच्या कशाहीपेक्षा पुष्कळ मोठं. आणि संशोधक काय करतात? सगळ्या हजारांतून जे सर्वांत विक्षिप्त दिसतं तेच वर काढतात. चाळणीच अशी की वेशधारी हमखास वर येणार. ४.७ किंवा ५.२ची दीर्घिका कुणाच्या नजरेतही भरली नसती. तिची नोंद निमूटपणे पाचच्या रकान्यात झाली असती.

म्हणून मला हे प्रकरण निष्काळजीपणाचं वाटत नाही. डॉनन यांच्या गटाने मोजमापं चुकवली नाहीत. नमुने बसवण्याचं गणितही चुकलं नाही. आकडे सोळा म्हणत होते ते प्रामाणिकपणे सोळाच म्हणत होते. कमी पडलं ते आकड्यांच्या बाहेरचं ज्ञान: आजूबाजूला कोण राहतं, आणि या भागात कोण भेटण्याची शक्यता जास्त. नायडूंच्या गटाने नेमकं तेच विचारात घेतलं, आणि तेसुद्धा अर्ध्याच विश्वासाने.

त्याच रात्रीची दुसरी साक्ष

पुष्टी झाली ती मेझीच्या दीर्घिकेची. फिंकेलस्टाइन यांनी मुलीच्या वाढदिवशी सापडली म्हणून तिचं नाव दिलं होतं. सुरुवातीला तिची ताम्रसृती १४च्या वर सांगितली गेली. मग कॅमेऱ्याचं सुधारित कॅलिब्रेशन आलं, फिल्टरांच्या आकड्यांत फरक पडला, आणि ती १२च्या आसपास उतरली. (दुर्बीण अवकाशात गेल्यावर तिची संवेदनशीलता जमिनीवरच्या अंदाजापेक्षा थोडी वेगळी निघणं स्वाभाविक आहे, जुलैमधल्या घाईचा खरा फटका बसला तो इथे.) मार्चच्या वर्णपटात कडा सुमारे १.५ मायक्रॉनवर स्वच्छ दिसली. ताम्रसृती ११.४, महास्फोटानंतर साधारण ३९ कोटी वर्षं.

एकच पद्धत, एकच सर्वेक्षण, त्याच मोहिमेतले वर्णपट. एक खरी, एक खोटी. मेझीचा प्रकाशमितीय अंदाज अखेरीस बऱ्यापैकी जवळ होता. म्हणजे रंगांवरून अंतर काढणं सोडून देण्याचं कारण नाही. सोडायचं म्हटलं तरी पर्याय नाही. वर्णपट कुणाचा घ्यायचा हे ठरवायलाच आधी रंग लागतात.

शेजाऱ्यांचा पुरावा, उलट दिशेने

९३३१६वरून कुणी असा नियम काढला असेल की शेजारी सांगतात तेच खरं, तर पुढच्याच वर्षी त्याची पंचाईत झाली.

जेडीज या दुसऱ्या सर्वेक्षणात एक ठिपका होता. नाव जेडीज-जीएस-झेड१४-०. रंगांवरून ताम्रसृती १४च्या वर. पण तो फार तेजस्वी होता, थोडा पसरट होता, आणि त्याला अगदी चिकटून, आर्क सेकंदाच्या अर्ध्याहून कमी अंतरावर, एक जवळची दीर्घिका होती, ताम्रसृती ३.५च्या घरातली. ९३३१६चा धडा ताजा. शेजारी तीनचा, तर हाही बहुधा तीनचाच. बामर पायरीला पुन्हा फसलो असू. काहींनी तसं लिहिलंही. जानेवारी २०२४मध्ये वेबने त्यावर जवळजवळ दहा तास घालवले. कडा होती. कडेच्या पलीकडे सुया नव्हत्या. ताम्रसृती १४.३२. नंतर चिलीच्या वाळवंटातल्या आल्मा दुर्बिणींना त्याच दीर्घिकेत ऑक्सिजनची ८८ मायक्रॉनची रेषा मिळाली आणि आकडा १४.१८वर पक्का झाला. महास्फोटानंतर तीस कोटी वर्षांच्या आतच तिथे ऑक्सिजन होता, म्हणजे ताऱ्यांची किमान एक पिढी जन्मून, जळून, फुटून गेली होती.

९३३१६ बाद झाला म्हणून सिद्धान्तावरचा ताण संपला, असं २०२३मध्ये काहींना वाटलं असेल. तो फक्त थोडा पुढे सरकला. १४च्या आसपास तेजस्वी दीर्घिका अपेक्षेहून जास्त निघताहेत. त्यामागे ताऱ्यांची निर्मिती अधिक जोमाने होते, की ती झटक्याझटक्याने होते आणि आपल्याला नेमके उजळलेले क्षण दिसतात, की धूळ तारकांच्या परिसरातून बाहेर फेकली गेलेली असते, यावर चर्चा चालू आहे. मे २०२५मध्ये मॉम-झेड१४ नावाच्या दीर्घिकेचा वर्णपट जाहीर झाला. ताम्रसृती १४.४४, महास्फोटानंतर सुमारे २८ कोटी वर्षं. या गटाचे प्रमुख रोहन नायडू. ज्याने जवळपास तीन वर्षांपूर्वी १७च्या दाव्यापुढे प्रश्नचिन्ह टाकलं त्याच्याच नावावर पुढे वर्णपटाने सिद्ध झालेला विक्रम जमा झाला. असं घडावं म्हणून कुणी ठरवलं नव्हतं, पण वाचताना बरं वाटतं.

त्याच पट्ट्यातला पुढचा ठिपका

सीअर्सचा तो तुकडा अजून रिकामा झालेला नाही. २०२५मध्ये तिथूनच कापोताउरो नावाचा ठिपका चर्चेत आला. तो ३५६ मध्येसुद्धा दिसत नाही. फक्त ४१० आणि ४४४ मध्ये उमटतो. ९३३१६ची पद्धत लावली तर ताम्रसृती ३२च्या आसपास येते, म्हणजे महास्फोटानंतर जेमतेम १० कोटी वर्षं.

त्याच्यावरच्या निबंधात मात्र हा आकडा एकटा येत नाही. त्याच्यासोबत आणखी शक्यता मांडल्या आहेत: धुळीने माखलेली किंवा जोरदार बामर पायरी असलेली, खूपच जवळची दीर्घिका, आपल्याच आकाशगंगेतला अतिशय थंड तपकिरी बटू (तारा होण्याइतकं वस्तुमान न जमलेला गोळा), किंवा कुठल्याही ताऱ्याभोवती न फिरणारा एखादा भटका ग्रह. शेवटच्या दोन शक्यतांची चाचणी तर वर्णपटाविनाही होऊ शकते. ठिपका आपल्या घरातला असेल तर काही वर्षांच्या अंतराने घेतलेल्या फोटोंत तो किंचित सरकलेला दिसेल. दीर्घिका असेल तर जागचा हलणार नाही.